सुरांची किंमत

इसवी सन १९१६ च्या मार्च महिन्यात बडोदे येथे अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. आश्रय सयाजीराव महाराज गायकवाडांचा आणि योजना पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. नाना घराण्यांचे गवई, बीनकार, शास्त्री आणि संगीताचे जाणते रसिक अशा त्या मेळाव्यापुढे एक अपूर्व पेटी मांडण्यात आली. जात हार्मोनियमचीच, परंतु सप्तकात बारा स्वरांऐवजी बावीस श्रुती. ही पेटी लंडनच्या ‘मूर अँड मूर’ या वाद्यनिर्मात्यांकडून घडवून घेतलेली होती आणि तिच्यामागे दोन सरकारी अधिकाऱ्यांचे कित्येक वर्षांचे परिश्रम उभे होते. एक कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. दुसरे अर्नेस्ट क्लेमंट्स, न्यायखात्यातील आय. सी. एस. अधिकारी. महसुलाचे आणि न्यायाचे दप्तर सांभाळणाऱ्या या दोघांनी श्रुतींचेही दप्तर लावावयास घेतले, यात नवल नाही. मोजल्यावाचून नोंद नाही, ही सवय कचेरीत अंगवळणी पडलेली असते. परिषदेने मात्र ती पेटी स्वीकारली नाही, आणि पुढे बाजारानेही तिला थारा दिला नाही.

हा प्रसंग संगीतशास्त्रातील एक वाद म्हणून सांगितला जातो. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. अनेक स्वर एकाच अंगात वागविणारे वाद्य जो घडवितो त्याला प्रत्येक सुरापोटी काही किंमत मोजावी लागते. ती त्याने कोठे मोजली, कोठे वाचविली आणि वाचविलेली अखेर कोणाच्या माथी बसली, याचा हिशेब पाहिला म्हणजे वाद्यांचा इतिहास काहीसा निराळा दिसू लागतो. हार्मोनियमपासून विजेच्या सिंथेसायझरपर्यंत हाच हिशेब चालत आलेला आहे. फक्त जमा आणि खर्चाच्या बाजू मध्यंतरी उलट्या झाल्या.

हार्मोनियमचे मर्म म्हणजे एक पितळी जीभ. पितळेच्या पट्टीत एक खाच कोरलेली असते, त्या खाचेवर ही जीभ एका टोकाने जखडलेली असते आणि दुसरे टोक मोकळे. खाचेतून वारा गेला की जीभ थरथरते व स्वर निघतो. पेटी बनविणारे कारागीर हिलाच ‘सूर’ म्हणतात. जिभेचे टोक खरवडले तर स्वर चढतो, मुळाशी खरवडले तर उतरतो. एवढ्या विद्येवर पेटी सुरात लावण्याचा सारा व्यवहार चालतो. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास या वाद्याचे पेटंट घेतले व त्याला हार्मोनियम हे नाव दिले. चर्चमधील नळ्यांचा प्रचंड ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता, अशा लहान गावांतील प्रार्थनामंदिरांना आणि मध्यम स्थितीतील कुटुंबांना हे वाद्य फार सोयीचे वाटले. म्हणजे जन्मतःच ते स्वस्ताईचे अपत्य होते. नळीची जागा बोटभर पितळेने घेतली आणि खोलीभर वाद्य टेबलाएवढे झाले.

हिंदुस्थानात आल्यावर त्याची आणखी छाटणी झाली. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातपेटी घडवून तिचा प्रसार केला. पायांनी भाता हलविण्याची यंत्रणा गेली, उंच चौकट गेली, खुर्चीही गेली. भाता पाठीमागे आला आणि वादक बैठकीवर मांडी घालून बसला. या एका फेरफाराने वाद्य स्वस्त झाले, हलके झाले, बैलगाडीत किंवा आगगाडीच्या डब्यात मावू लागले. त्याबरोबर एक मोठी गोष्ट गेली. एक हात भात्यावर अडकल्यामुळे पट्ट्यांवर उरला एकच हात. पाश्चात्य वादकाच्या दृष्टीने हे निम्मे वाद्यच गमावणे होय, कारण त्याचे संगीत स्वरसंघांवर उभे आहे आणि त्याला दहाही बोटे हवी असतात. आपल्या गायकाला मात्र एका वेळी एकच स्वर हवा, फार तर त्याच्या पाठीशी षड्ज-पंचमाचा धरलेला नाद. त्यासाठी ओढून ठेवावयाच्या खुंट्या पेटीला बसविण्यात आल्या. जे गेले त्याची कोणालाच उणीव भासली नाही.

आणखी एक काटकसर हार्मोनियमच्या अंगी मुळातच आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक पट्टीला आपापला पितळी सूर असतो. परंतु वारा सर्वांचा एक. चार पट्ट्या एकदम दाबल्या तर चारही स्वर एकाच जोराने बोलणार. त्यांतील एक लहान, एक मोठा असे करावयाची सोय नाही. भात्यावरील हाताचा दाब वाढला की सारेच वाढतात, सैल झाला की सारेच सैल. सूर अनेक, श्वास एक. हे वैगुण्य खरे. पण प्रत्येक सुराला निराळा भाता द्यावयाचा तर ती पेटी कोणत्या वाड्यात मावली असती?

स्वस्त पेटीचा खरा दोष निराळ्याच ठिकाणी होता. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ती लावलेली असते. तंबोऱ्याच्या शुद्ध स्वराशी हे भाग तंतोतंत जुळत नाहीत. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली तर शुद्ध पंचम ३६० कंपनांचा येतो. पेटीचा पंचम ३५९.६ चा. हा भेद कानास जाणवण्याजोगा नाही. पण शुद्ध गंधार ३०० कंपनांचा आणि पेटीचा गंधार ३०२.४ चा. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो त्याच्याशेजारी हा पेटीचा गंधार चढा लागतो आणि जाणत्या कानाला टोचतो. त्यातच पेटीवर मींड नाही. एका पट्टीकडून दुसरीकडे जाताना मधली वाट तुटलेली. ज्या संगीताचा जीवच त्या मधल्या वाटेवर आहे, त्याला हे वाद्य साथीला मिळावे हा एक विचित्र योगायोगच म्हटला पाहिजे.

देवल आणि क्लेमंट्स यांना हे शल्य होते. देवलांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची मापे काढली. त्या कामी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे त्यांना साहाय्य झाले. त्यातून १९१० साली हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी पश्चिम हिंदुस्थानच्या फिलहार्मॉनिक सोसायटीची स्थापना झाली आणि १९१३ मध्ये क्लेमंट्स यांचे भारतीय संगीताची ओळख करून देणारे पुस्तक निघाले. ग्रंथानंतर वाद्य, हा क्रम त्यांच्या दृष्टीने सरळ होता: श्रुती मोजल्या आहेत, तर त्या वाजवून दाखवाव्यात.

आता हिशेब पाहावा. तीन सप्तकांची साधी पेटी एकसुरी असेल तर ३६ पितळी सुरांत भागते. बावीस श्रुतींची तेवढीच पेटी ६६ सूर मागते. दुहेरी सुरांची केली तर ७२ च्या जागी १३२. प्रत्येक सूर हाताने खरवडून लावावयाचा, प्रत्येकाला पट्टी, कमान, झडप. पितळेचा खर्च एक वेळ सोसेल. पण बोटांचे काय? बारा पट्ट्यांवर बसलेला हात बावीस जागांवर पुन्हा बसवावयाचा म्हणजे वादकाने पहिली विद्या विसरून दुसरी शिकावयाची. आणि एवढे करूनही सर्वांत मोठी किंमत शिल्लक राहतेच. सारखे बारा भाग केलेल्या पेटीत कोणतीही पट्टी षड्ज होऊ शकते. एका गायकाची पांढरी चार, दुसऱ्याची काळी एक, गायिकेची काळी पाच, पेटी तीच. श्रुतींनी लावलेली पेटी मात्र ज्या षड्जावरून लावली त्याच्याशीच पूर्णपणे प्रामाणिक असते. षड्ज हलविला की श्रुतींची अंतरे ढळतात. म्हणजे शुद्धता विकत घेतली ती सर्वोपयोगीपणा देऊन. नाटकमंडळीत एका रात्री चार नट चार पट्ट्यांत गाणार असतील, तेथे असल्या पेट्या चार न्याव्या लागल्या असत्या.

बडोद्याच्या परिषदेतील गवयांचा आक्षेप अर्थात पैशाचा नव्हता. श्रुती रागागणिक हलते, तिला पट्टीखाली कोंडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोटा म्हणता येत नाही. भातखंड्यांनी तर आपल्या थाटपद्धतीची मांडणी बारा स्वरांवरच केली होती. देवलांची पेटी अशा रीतीने दोहींकडून कात्रीत सापडली. बाजाराच्या दृष्टीने ती फार महाग आणि अवघड. गवयाच्या दृष्टीने एवढी महाग आणि अवघड होऊनही अपुरीच. तिच्या कर्त्यांच्या चिकाटीला मात्र उणेपणा येत नाही. सोयीपुढे मान न तुकवता कानाला प्रमाण मानणारी माणसे कोणत्याही काळात थोडीच असतात.

इकडे बारा स्वरांच्या पेटीने मराठी मुलूख जिंकला होता. कीर्तनात, भजनी मंडळात, तमाशाच्या फडात, संगीत रंगभूमीवर तिचा संचार झाला. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे तर हार्मोनियमचेच कलावंत. तुटक पट्ट्यांतून गळ्याची सलगता भासविण्याची जी विद्या त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या मराठी वादकांनी सिद्ध केली, ती म्हणजे कारागिराने वाचविलेल्या खर्चाची वादकाने केलेली भरपाईच होय. पेटी स्वस्तात मिळाली. उरलेली किंमत टेंब्यांसारख्यांनी रियाजाच्या रूपाने भरली.

सर्वांनाच हा सौदा मान्य नव्हता. १९३८ साली नभोवाणीच्या दिल्ली केंद्रावरील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमवर कडक टीका केली, आणि १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने हे वाद्य आपल्या केंद्रांवरून बंद केले. १९७१ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, ही बंदी होती. घरोघरी वाजणारे वाद्य तेवढे रेडिओवर वाजत नसे. आक्षेप तेच, देवलांचे: गंधार चढा, मींड नाही. उपाय मात्र देवलांच्या नेमका उलट. त्यांनी पेटी सुधारावयास घेतली होती, येथे ती उचलून बाहेर ठेवली गेली. आणि ज्यांची उपजीविका पेटीवर होती त्यांनी रेडिओचे दार लागल्यावर काय करावे, याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते.

आकाशवाणीची बंदी उठावयाच्या सुमारास अमेरिकेत स्वरयंत्रांचे एक नवे पर्व सुरू झाले होते आणि तेथे जमाखर्चाच्या बाजू उलट्या झालेल्या दिसतात. १९७० साली रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यातून ‘मिनीमूग’ नावाचा सिंथेसायझर बाहेर पडला. विजेच्या आंदोलनातून स्वर उत्पन्न करावयाचा, गाळणीतून गाळून त्याला रंग द्यावयाचा आणि त्याचा उठाव-उतार ठरवावयाचा, अशी त्यातील मंडलांची साखळी. ही पूर्ण साखळी म्हणजे यंत्राचा एक कंठ. मिनीमूगला कंठ एकच. दोन पट्ट्या दाबल्या तरी स्वर एक. पण तो स्वर हवा तसा वाकविता येई, घसरत नेता येई, वाटेल तेथे लावता येई. हार्मोनियमला जी मींड कोणत्याही किमतीस मिळाली नव्हती ती या यंत्राला जवळजवळ फुकट मिळाली. आणि हार्मोनियमला जे अनेक स्वर सहज मिळाले होते तेच येथे दुर्मिळ झाले. कारण उघड आहे. पितळी जीभ म्हणजे पैशाआण्याची वस्तू. कंठ म्हणजे तंत्रज्ञाने जोडलेले आणि वारंवार सुरात लावावे लागणारे महागडे मंडल. पाच स्वर हवे असतील तर पाच कंठ.

पट्टीगणिक कंठ देण्याचा उपद्व्याप पूर्वी झालेला होता. १९३९ मध्ये हॅमंड कंपनीने काढलेल्या ‘नोव्हाकॉर्ड’मध्ये ७२ पट्ट्या होत्या, सर्व एकदम वाजू शकत, आणि आत १६३ निर्वात नळ्या धगधगत असत. सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा स्वर तेवढे प्रत्यक्ष निर्माण करून त्यांची कंपने निम्मी-निम्मी करीत खालची सप्तके मिळवावयाची, ही त्यातील युक्ती. एवढी काटकसर करूनही ते वाद्य सामान्यांच्या आवाक्यात आले नाही. १९४२ पर्यंत हजाराच्या आसपास नग तयार झाले आणि ते थांबले. पुढे यामाहा कंपनीचे आठ कंठांचे ‘सीएस-८०’ निघाले तेही मोठे किमती, आणि वजनाने एवढे की हलवावयास दोन-चार गडी लागावेत.

कोडे सुटले ते १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियातील डेव्ह स्मिथ यांच्या ‘प्रॉफेट-५’ या वाद्यात. पट्ट्या ६१, कंठ अवघे पाच. एखाद्या कचेरीत ६१ टेबले असावीत आणि कारकून पाचच. पण ज्या टेबलाशी काम येईल तेथे त्यातला एक तत्काळ जाऊन बसावा, तसा हा प्रकार. कोणती पट्टी दाबली गेली, कोणता कंठ रिकामा आहे, ही हजेरी ठेवण्यासाठी आत एक सूक्ष्म संगणक बसविला होता. सहावी पट्टी दाबली तर पाचांतील एकाला हातचे काम टाकून तिकडे धावावे लागे आणि त्याचा आधीचा स्वर मध्येच तुटे. वादकाची बोटे दहा असली तरी पाचांवर बहुतेक संगीत भागते, हा अंदाज बरोबर ठरला. त्याच संगणकाने आणखी एक काम पत्करले. नाना खुंट्या फिरवून जुळविलेला स्वराचा रंग तो लक्षात ठेवी, आणि एक कळ दाबताच परत देई.

यानंतर जपानी कारखान्यांनी छाटणीला हात घातला, तो पाहण्यासारखा आहे. कोर्ग कंपनीच्या ‘पॉलिसिक्स’मध्ये आणि रोलँडच्या ‘जुनो’मध्ये कंठ सहा, पण प्रत्येक कंठातील दोन आंदोलकांपैकी एक काढून टाकला. स्वर बारीक झाला तो भरदार भासावा म्हणून सर्वांच्या शेवटी घुमारा देणारे एकच मंडल जोडले. कोर्गच्याच १९८३ च्या ‘पॉली-८००’मध्ये तर आठ स्वरांना मिळून एकच गाळणी ठेवली. किंमत आठशे डॉलरांच्या आत आली, बॅटरीवर चालणारे वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकविता येऊ लागले. परंतु एक स्वर धरून ठेवून दुसरा वाजविला की गाळणी पहिल्यालाही पुन्हा गाळणार. सूर अनेक, श्वास एक! हातपेटीच्या कारागिराने जी तडजोड भात्यापाशी केली, तीच शंभर वर्षांनी विजेच्या मंडलात करावी लागली.

त्याच वर्षी आलेल्या यामाहाच्या ‘डीएक्स-७’ने हिशेबच बदलला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या गणितावर आधारलेले हे वाद्य सोळा स्वर एकदम देई. हे सर्व स्वर आकड्यांत सिद्ध होत असल्याने कंठागणिक निराळे मंडल नको. तेच यंत्र वेगाने पाळीपाळीने सोळांचे काम उरके. दोन हजार डॉलरांच्या आत सोळा कंठ ही पूर्वी कल्पनेतही न बसणारी गोष्ट. पण खर्च वाचविला होता तो खुंट्यांवर. रंग बदलावयाचा तर लहानशा पडद्यावर एकेक आकडा वाचीत कळा दाबीत बसावे लागे. सामर्थ्य अफाट, आणि त्याकडे जाणारा दरवाजा किल्लीच्या भोकाएवढा. तेव्हा बहुतेक वादकांनी कारखान्यात भरून दिलेलेच रंग वापरले, आणि त्या दशकातील निरनिराळ्या देशांची गाणी एकाच घंटीच्या आवाजात किणकिणू लागली.

मुंबईतही ही यंत्रे पोहोचली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकातच मिनीमूग आणला होता. त्याच वृंदातील चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एक तबकडी काढली. दहा राग, ताल मात्र डिस्कोचा. हाताशी रोलँड कंपनीची तीन वाद्ये: ठेक्याचे एक, मंद्र स्वरांचे एक आणि ‘ज्युपिटर-८’ हा आठ कंठांचा मोठा किमती सिंथेसायझर. भैरव, ललित, मालकंस अशा रागांची सुरावट त्यांनी वाजविली ती एका वेळी एका स्वराने, घसरत, मींडेने. म्हणजे आठ कंठांचे मोल देऊन रागाला लागला एकच, आणि खरा उपयोग झाला तो त्या वाकणाऱ्या स्वराचा. तबकडीकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे श्रोते चकित झाले. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले.

देवलांची पेटीही अशीच उशिरा परतली, आणि तीही महाराष्ट्रातच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. तिच्यात पट्ट्या वाढविलेल्या नाहीत. सप्तकास बाराच पट्ट्या. षड्ज आणि पंचम अचल, आणि उरलेल्या दहा पट्ट्यांखाली दोन-दोन श्रुती, म्हणजे वीस आणि दोन मिळून बावीस. राग सुरू करण्यापूर्वी खुंटी ओढून अथवा ढकलून प्रत्येक पट्टीची श्रुती निवडावयाची आणि मग हात नेहमीच्याच वाटेने चालवावयाचा. पितळी सुरांचा खर्च यात वाचत नाही. वाचते ते वादकाच्या बोटांचे पुनर्शिक्षण, जे १९१६ च्या अंदाजपत्रकात धरावयाचे राहून गेले होते.